केमो थांबवून लाइटवाल्या औषधाची वाट बघावी का?

एका वाचकाचं पत्र आहे, ओळख पटेल असं सगळं काढून थोडक्यात देते. त्यांच्या मोठ्या बहिणीला पित्तनलिकेचा कॅन्सर आहे, यकृताच्या आतल्या भागात, पोटात आणखी एकदोन ठिकाणी पसरलाय, ऑपरेशन शक्य नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय. कावीळ वाढली म्हणून आधी स्टेंट टाकला, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी बारीक नळी, मग केमो सुरू झाली, तीन सायकल झाल्यात. घरात सायन्स शिकलेले हेच एकटे, त्यामुळे सगळे यांनाच विचारतात. मध्यंतरी यांच्या वाचनात एक संशोधन आलं, की नॅनोपार्टिकल, म्हणजे अतिसूक्ष्म कण, कॅन्सरच्या पेशीत शिरून थेट मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागात, जाऊन बसतात, वरून लाइट टाकला की तिथल्या तिथे औषध सुटतं, उंदरांमधले ट्यूमर गेले आणि साइड इफेक्ट दिसले नाहीत. यांनी उत्साहाने ते ताईला पाठवलं. आता ताई म्हणते, चौथी सायकल नको, ते लाइटवालं औषध येईपर्यंत थांबू. दाजी चिडलेत, म्हणतात हे खूळ तूच तिच्या डोक्यात घातलंस. मधे एकदा थंडी वाजून ताप आला होता, दुसऱ्या दिवशी उतरला, असंही लिहिलंय. प्रश्न तीन: काही महिने थांबलं तर चालेल का, बाहेर कुठे ट्रायल, म्हणजे माणसांवर उपचार तपासून बघणारा अभ्यास, शोधू का, आणि खरं काय ते सांगून ताईची आशा मोडू का.

सगळ्यात आधी तो ताप. तुम्ही तो एका ओळीत उरकलाय पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीची वाटली. पित्तनलिकेत स्टेंट असलेल्या माणसाला थंडी वाजून ताप येतो तेव्हा स्टेंट तुंबून पित्तात इन्फेक्शन झालेलं असू शकतं, त्यात केमो चालू असेल तर पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असतात, आणि मग असं इन्फेक्शन बघता बघता अंगात पसरतं. ताप आपोआप उतरला असला तरी ताईंच्या डॉक्टरांना आजच कळवा. परत थंडी वाजली, ताप ३८ डिग्री सेल्सियसच्या (१००.४ फॅरनहाइटच्या) वर गेला, डोळे पिवळे दिसले किंवा लघवी गडद व्हायला लागली तर सकाळ व्हायची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत न्या. पुढचं उत्तर फोन करून आल्यावर वाचलंत तरी चालेल.

आता दाजींचा राग. बहीण आजारी असताना भाऊ रात्र रात्र वाचत बसतो, काहीतरी चांगलं सापडलं की तिला पाठवतो, यात गुन्हा काय आहे? दाजींनाही ते आतून कळत असणार, त्यांना भीती वाटतेय आणि ती तुमच्यावर निघतेय एवढंच. यावर जास्त लिहीत नाही, कारण तुम्ही दोघं एकाच बाजूला आहात आणि पुढच्या डॉक्टरांच्या भेटीला दोघांनाही बरोबर जायचंय.

तुम्ही जे वाचलंत ते थोतांड अजिबात नाही, हे आधी स्पष्ट सांगते. कल्पना खरंच सुंदर आहे. अशा पार्टिकलमध्ये बऱ्याचदा एक रसायन असतं जे अंधारात जवळपास निरुपद्रवी असतं, पण ठराविक रंगाचा लाइट पडला की आजूबाजूच्या ऑक्सिजनला असं काही चेतवतं की त्यातून सिंगलेट ऑक्सिजन नावाचा अतिशय आक्रमक प्रकार तयार होतो. तो पेशीत जेमतेम मायक्रोसेकंदभर टिकतो, तेवढ्यात मायक्रोमीटरचा एक लहानसा अंश फार तर सरकतो, आणि पेशी असते दहावीस मायक्रोमीटरची, म्हणजे रसायन पेशीत ज्या जागी बसलंय तिथलंच नुकसान होणार. म्हणून तर सगळी धडपड ते मायटोकॉन्ड्रियात नेऊन बसवायची. मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यावर आतून निगेटिव्ह चार्ज असतो, साधारण १५० ते १८० मिलिव्होल्ट, त्यामुळे पार्टिकलला ट्रायफिनाइलफॉस्फोनियमसारखा पॉझिटिव्ह चार्जचा, चरबीत विरघळणारा तुकडा जोडला की तो आपसूक तिकडे ओढला जातो. दर ६० मिलिव्होल्टला दहापट या हिशोबाने असे लहान रेणू तिथे शंभर ते हजारपट साठू शकतात. मग लाइट पडला, पडदा फाटला की सायटोक्रोम सी नावाचं आतलं प्रोटीन बाहेर येतं आणि पेशी स्वतःच मरायची प्रक्रिया सुरू करते. काही पार्टिकल लाइट पडल्यावर स्वतःच्या आत भरलेलं केमोचं औषध सोडतात, सोन्याचे काही पार्टिकल नुसते तापतात. प्रयोगशाळेत यातलं बरंच काही खरोखर काम करतं.

मग अडतं कुठे? तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलीय आणि ती बहुतेक सगळेच वाचणारे धरतात, की मायटोकॉन्ड्रियाला टार्गेट केलं म्हणजे कॅन्सरला टार्गेट केलं. पण मायटोकॉन्ड्रिया तर आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींत आहेत, हृदयाच्या स्नायूत तर खच्चून भरलेले असतात. बऱ्याच कॅन्सर पेशींमध्ये तो चार्ज जरा जास्त असतो, त्याने थोडा फरक पडतो, नाही असं नाही, पण निवड करण्याचं मोठं काम शेवटी लाइट करतो, जिथे टाकला तिथलंच औषध जागं होतं. आणि ताईंच्या बाबतीत खरी अडचण इथेच आहे. लाल लाइट शरीरात काही मिलिमीटर, फार तर सेंटिमीटरच्या आसपास उपयोगी पडेल इतका पोचतो, जवळच्या इन्फ्रारेडने अजून थोडं खोल जाता येतं. एंडोस्कोपमधून फायबर घालून पित्तनलिकेच्या आत लाइट नेता येतो, ते केलंही जातं. पण पोटात इतर ठिकाणी जे पसरलंय त्या प्रत्येक ठिकाणी लाइट कसा नेणार? स्कॅनमध्येही दिसत नाहीत अशा पेशींपर्यंत तर विषयच नाही. पसरलेल्या कॅन्सरला पूर्ण शरीरात फिरणारं औषध लागतं, आणि आज ताईंच्या हातात असलेलं तसं औषध म्हणजे केमो.

उंदरांचंही थोडं सांगते, कारण "उंदरांमधले ट्यूमर गेले" या वाक्याने भल्याभल्यांची झोप उडते. उंदराचा ट्यूमर सहसा कातडीच्या अगदी खाली मुद्दाम वाढवलेला असतो, काही मिलिमीटरचा, वरून लेझर धरला की सगळा उजळतो. माणसाच्या यकृताच्या आतली गाठ ही वेगळीच गोष्ट. शिवाय रक्तात सोडलेले नॅनोपार्टिकल मोठ्या प्रमाणात यकृत आणि प्लीहाच गिळून टाकतात. २०१६ मध्ये दहा वर्षांतल्या अशा प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र हिशोब मांडला गेला तेव्हा ट्यूमरपर्यंत पोचलेल्या डोसचा मध्यक, म्हणजे आकडे क्रमाने लावले की अगदी मधे येतो तो, ०.७ टक्के निघाला, म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. आणि या पद्धतीतल्या बहुतेक प्रकारांना ऑक्सिजन लागतो, नेमका तोच घट्ट ट्यूमरच्या आतल्या भागात कमी असतो. संशोधक यातल्या प्रत्येक अडचणीवर जीव तोडून काम करतायत, आणि मला मनापासून वाटतं की काही ठिकाणी ते जिंकतील, पण हे "येईपर्यंत थांबू" म्हणण्याइतकं जवळ आलेलं नाही. लाइटने चालणारं, मायटोकॉन्ड्रियाला टार्गेट करणारं नॅनो औषध पित्तनलिकेच्या कॅन्सरसाठी कुठेही मंजूर झालेलं नाही.

मात्र लाइटने कॅन्सरवर उपचार करणं ही भविष्यातली गोष्ट आहे असं तुम्हाला वाटत असेल तर तसंही नाही. १९०० साली म्युनिकमध्ये ऑस्कर राब या विद्यार्थ्याला दिसलं की अ‍ॅक्रिडिन रंग आणि उजेड एकत्र आले की सूक्ष्मजीव मरतात, त्याचे गुरू फॉन टापायनर यांनी १९०३ मध्ये त्वचेच्या ट्यूमरवर इओसिन लावून उजेड देऊन बघितला. १९९३ मध्ये कॅनडाने फोटोफ्रिन हे उजेडाने जागं होणारं औषध मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी मंजूर केलं, १९९५ मध्ये अमेरिकेने अन्ननलिकेच्या कॅन्सरसाठी. जपानने २०२० मध्ये डोक्या-मानेच्या कॅन्सरसाठी अँटीबॉडीला लाइटने जागं होणारा रंग जोडलेलं औषध मंजूर केलं, ते पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर मारा करतं. म्हणजे फोटोडायनॅमिक थेरपी, पीडीटी म्हणतात तिला, ती आहेच, आणि साइड इफेक्टही आहेत. फोटोफ्रिन दिल्यावर निदान ३० दिवस त्वचा आणि डोळे उजेडाला इतके हळवे होतात की ऊन तर सोडाच, घरातला प्रखर दिवासुद्धा भाजू शकतो, सनस्क्रीनचा त्यावर उपयोग नाही.

आणि आता तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची हकीकत, कारण ती नेमकी ताईंच्याच आजाराची आहे. २००३ मध्ये ऑपरेशन शक्य नसलेल्या पित्तनलिकेच्या कॅन्सरच्या ३९ पेशंटची ट्रायल प्रसिद्ध झाली. नुसता स्टेंट टाकलेल्यांचा जगण्याचा मध्यक ९८ दिवस निघाला, स्टेंट अधिक पीडीटी मिळालेल्यांचा ४९३ दिवस. किती आशा वाटली असेल विचार करा! त्यानंतर ब्रिटनमध्ये ९२ पेशंटची ट्रायल झाली, तिचे आकडे २०१८ मध्ये आले आणि ते उलटे निघाले, पीडीटी मिळालेले लोक कमी जगले. त्या गटात नंतर केमो मिळालेल्यांचं प्रमाणही कमी होतं. लाइटच्या नादात केमो राहून गेली म्हणून असं झालं असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये, पण केमो बाजूला ठेवून लाइटची वाट बघायच्या आधी ही गोष्ट डोळ्यासमोर असायलाच हवी. आणि हो, ही माणसांवर वापरली जाणारी, मिळणारी पीडीटी होती, उंदरांपर्यंत पोचलेली नॅनो आवृत्ती नव्हे. तेव्हा तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: न आलेल्या औषधासाठी केमो थांबवू नका.

पण ताईंनी केमो थांबवायचीच नाही, असं मी म्हटलेलं नाही, आणि इथे मला तुम्हाला जरा थांबवून विचारायचंय. ताई खरंच नॅनोपार्टिकलची वाट बघतायत असं तुम्हाला वाटतं का? मला पत्र वाचताना सारखं वाटत राहिलं की त्यांना केमो सहन होत नाहीये, आणि ते सरळ म्हणायची त्यांची हिंमत होत नाहीये, कारण म्हटलं की दाजी घाबरणार, तुम्ही खचणार. "नवीन औषध येईपर्यंत थांबू" म्हटलं की हार मानल्यासारखं दिसत नाही. माझा अंदाज चुकीचाही असेल, पण विचारून बघायला काय हरकत आहे, आणि विचारताना त्या संशोधनाचं नावही काढू नका. नुसतं म्हणा, ताई, केमोतलं तुला सगळ्यात नकोसं काय वाटतं? मग गप्प बसा आणि ऐका. उलट्या असतील, हातापायाला मुंग्या येत असतील, कानात आवाज येत असेल, चार दिवस अंथरुणातून उठवत नसेल, किंवा पोरांसमोर असं पडून राहायला लाज वाटत असेल. जे निघेल ते तिच्याच शब्दांत लिहून घ्या.

कारण यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे आणि डॉक्टरांना कुणी सांगितलंच नाही तर तो होत नाही. ताईंना कुठली औषधं चालू आहेत ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण या कॅन्सरला बहुतेक वेळा जेमसिटाबिन आणि सिस्प्लाटिन देतात. सिस्प्लाटिनने होणाऱ्या उलट्यांवर आता एकत्र तीनचार औषधं देऊन चांगला ताबा मिळवता येतो, मुंग्या आणि कानातला आवाज डॉक्टरांना वेळेत कळला तर ते डोस कमी करू शकतात, औषध बदलू शकतात, दोन सायकलमधलं अंतर वाढवू शकतात. ठरवून, डॉक्टरांच्या नजरेखाली काही आठवड्यांची सुट्टी घेणं हाही पर्याय असतो, चौथ्या सायकलच्या सकाळी न जाणं वेगळं. आणि स्कॅन करून केमो काम करतेय की नाही हे बघितलंय का? तीन सायकलनंतर हा प्रश्न विचारायची अगदी योग्य वेळ आहे. काम करत नसेल तर थांबवायला किंवा बदलायला ते खरं कारण आहे, करत असेल तर ताईंना तो रिपोर्ट दाखवा, एवढा त्रास कशासाठी सोसला ते तरी दिसेल.

याच भेटीत पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे त्रास कमी करून जगणं सुसह्य करणाऱ्या, टीमची गाठ घालून द्या म्हणा. हे ऐकून दाजी दचकतील, बहुतेकांना वाटतं ते शेवटच्या दिवसांचं असतं. २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटची ट्रायल प्रसिद्ध झाली, त्यात नेहमीच्या उपचारांसोबत सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळालेल्यांचं जगणं सुसह्य तर झालंच पण त्यांचा जगण्याचा मध्यकही ११.६ महिने निघाला, बाकीच्यांचा ८.९ महिने. कॅन्सर वेगळा आहे, ताईंनाही तितकाच फायदा होईल असं म्हणता येणार नाही, पण उपचार चालू असतानाच ही मदत घ्यायची असते हे दाजींना पटवायला एवढं पुरे.

आता तुमचा सायन्सचा उत्साह, तो वाया घालवू नका, फक्त दुसरीकडे वळवा. ताईंच्या बायोप्सीच्या तुकड्यावर जनुकीय तपासणी झालीय का हे विचारा. यकृताच्या आतल्या पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये काही पेशंटना एफजीएफआर-२ हा जीन दुसऱ्या जीनला जोडला गेल्याचा बदल सापडतो, काहींना आयडीएच-१ या जीनमध्ये बदल सापडतो. पहिल्यासाठी पेमिगाटिनिब अमेरिकेत २०२० मध्ये मंजूर झालं, दुसऱ्यासाठी आयव्होसिडेनिब २०२१ मध्ये, दोन्ही तोंडाने घ्यायच्या गोळ्या, पहिली केमो चालेनाशी झाली की विचारात घेतात. सगळ्यांना हे बदल नसतात, बहुतेकांना नसतात म्हणा, पण तपासणी केल्याशिवाय कळणार कसं? तुम्ही ज्या तळमळीने ते नॅनोपार्टिकलचं वाचलंत त्याच तळमळीने या एका रिपोर्टच्या मागे लागा. केमोसोबत इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं, औषध ताईंना चालेल का, हेही विचारून ठेवा.

ट्रायल शोधायला माझी अजिबात ना नाही. जरूर शोधा, पण केमो चालू ठेवून आणि ताईंच्या डॉक्टरांना सांगून, कारण कुठल्या ट्रायलमध्ये आधीची केमो किती झालेली चालते आणि किती दिवसांचं अंतर लागतं हे त्यांना कळेल. जागतिक आरोग्य संघटनेचं ट्रायल शोधायचं पोर्टल आहे, तिथे आजाराचं नाव टाकून बघता येतं. "लाइट" किंवा "नॅनो" टाकून शोधू नका, पित्तनलिकेचा कॅन्सर टाकून शोधा, म्हणजे ताईंच्या कामाचं जे काही असेल ते सगळं दिसेल. सापडलं तर विचारा की ही कितव्या फेजची ट्रायल आहे. पहिल्या फेजचा मुख्य उद्देश डोस किती झेपतो आणि सुरक्षित आहे का हे बघणं असतो, त्यातून बरं होण्याची खात्री कुणी देत नाही आणि देऊही नये. रजिस्ट्रेशन नंबर मागा, एथिक्स कमिटीची मंजुरी विचारा, मधेच बाहेर पडता येतं का विचारा. जे औषध अजून तपासलं जातंय त्याचेच भरमसाठ पैसे कुणी मागत असेल, किंवा कुठल्याही कॅन्सरवर, कुठल्याही स्टेजला लाइटने गुण येतो असं सांगत असेल, तर ते सगळं डॉक्टरांना दाखवेपर्यंत एक रुपया देऊ नका. असं विकणारे लोक तुमच्यासारख्या शोधणाऱ्या भावाबहिणींपर्यंत बरोबर पोचतात, हे वाचणाऱ्या इतरांनाही सांगते.

आणि घरी आणायच्या लाल लाइटच्या दिव्यांबद्दल, तुम्ही विचारलं नाहीयेत पण हे पत्र वाचून कुणीतरी नक्की विचारणार. औषधाशिवाय नुसत्या लाल दिव्याने कॅन्सर मरत नाही. केमो-रेडिएशनमध्ये तोंड येऊ नये म्हणून काही पेशंटना कमी ताकदीचा लेझर देतात, त्याच्या वर्णनातही मायटोकॉन्ड्रिया येतात, पण तिथे उद्देश पेशी मारायचा नसून जपायचा असतो, आणि तेही प्रशिक्षित माणसाच्या हातून.

राहिला आशेचा प्रश्न. खरं सांगितलं तर ताईंची आशा मोडेल, असं तुम्ही धरून चाललायत. मला वाटतं ताई तुमच्यापेक्षा जास्त ओळखून आहेत, आजार त्यांच्या अंगात आहे. तुम्ही एवढंच सांगा की ताई, मी पाठवलेलं ते संशोधन चांगलं आहे पण अजून प्राण्यांवर आहे, तुझ्या आजाराला ते वेळेत मिळेल असं मला वाटत नाही, म्हणून त्यासाठी केमो सोडू नये असं माझं मत आहे, पण केमोचा त्रास कमी करायला काय करता येतं ते आपण विचारू. सगळे आकडे तिच्यावर ओतू नका, तिने विचारले तरच सांगा. आणि हे सगळं करूनही, स्कॅन बघून, डोस कमी करून, सगळं समजून घेऊन त्या म्हणाल्या की मला आता नको, तर तो निर्णय त्यांचा आहे. तेव्हा तुम्ही आणि दाजींनी त्यांच्या बाजूला उभं राहायचं, वाद घालायचा नाही.

चौथ्या सायकलच्या आधी डॉक्टरांची वेगळी वेळ मागून घ्या, केमोच्या दिवशीच्या गडबडीत हे बोलणं होणार नाही. जाताना ताईंच्या त्रासाचा तो कागद, स्टेंटची तारीख, तापाचा दिवस, बायोप्सीचा रिपोर्ट आणि आत्तापर्यंतचे स्कॅन बरोबर ठेवा, आणि पहिला प्रश्न ताईंना विचारू द्या.